घोरणें : एका उपेक्षित विकाराची कहाणी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींच्या ओठांवर हसूं उमटलें असेल, आणि कांहीं घरांत एकमेकांकडे सूचक दृष्टिक्षेपही झाले असतील. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. घोरणें हा विषय प्रहसनकारांनीं आणि विनोदी लेखकांनीं फार पूर्वींच आपल्या ताब्यांत घेतला आहे. रंगभूमीवर एखादें पात्र घोरूं लागलें, कीं प्रेक्षागृहांत हशा ठरलेला. खोकणाऱ्याला आपण औषध घेतलें का म्हणून विचारतों, लंगडणाऱ्याला हात देतों. घोरणाऱ्याला मात्र नुसतें कुशीवर वळवतों आणि सकाळीं त्याची थट्टा करतों. ह्या थट्टेमागें एक गंभीर विकार शतकानुशतकें दडून राहिला होता. तो वैद्यांच्या, कादंबरीकारांच्या आणि शास्त्रज्ञांच्या नजरेस कसा येत गेला, आणि येऊनही पुन्हां पुन्हां कसा निसटला, ती हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

ह्या विषयाची ओढ मला ग्रंथांमुळें लागलेली नाहीं. ती आजोळच्या माजघरांत लागली. माझें आजोळ मावळांतलें टाकवे बुद्रुक. पुणें-लोणावळें लोहमार्गावर कान्हें नांवाचें लहानसें स्टेशन आहे. तेथें उतरून आंदर मावळाच्या वाटेला लागलें, कीं इंद्रायणीच्या कांठीं हें गांव भेटतें. आज तेथें कारखाने उभे आहेत व मोटारींची वर्दळ आहे. माझ्या लहानपणीं, म्हणजे सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं, भाताचीं खाचरें, पावसाची अखंड धार आणि रात्रीं बेडकांचा गजर एवढेंच तेथें होतें. आणि त्या सर्वांवर मात करणारें माझ्या मामांचें घोरणें.

मामा अंगानें आडवे, मानेनें आखूड, आणि स्वभावानें अत्यंत मायाळू होते. त्यांच्या घोरण्याला गांवांत कीर्ति होती. ते कोठेंही झोपत: ओट्यावर, भजनांत, जेवतां जेवतां घांस हातांत असतांनाही. वडगांवाहून बैलगाडींतून परततांना तर ते हटकून झोपी जात. बैलांना वाट ठाऊक असल्यामुळें गाडी आपोआप दारांत येऊन उभी राही, आणि मग आम्हीं मुलांनीं जाऊन त्यांना उठवावें असा परिपाठच होता. आम्ही हसत असूं, मामाही हसत. मामी मात्र हसत नसे. एकदां मध्यरात्रीं मला जाग आली, तेव्हां ती अंथरुणावर बसून अंधारांत कान देऊन ऐकत होती. मामांचा आवाज एकाएकीं थांबला होता. तिनें त्यांचा खांदा हालवला, तशी जोराची घरघर करून त्यांनीं श्वास घेतला. मी जागा आहें असें पाहून ती हळूच म्हणाली, "घोरत्यात तंवर बरं, बाळा. आवाज थांबला, का माझा जीव थांबतो." हें वाक्य मला त्या वेळीं कळलें नाहीं. पुढें तें कळलें, परंतु तोंपर्यंत उशीर झाला होता. मामा वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं एके पहाटे झोपेंतच गेले. झोपेंत मरण आलें, पुण्यवान माणूस, असें सारे गांव म्हणालें.

असो. आतां मूळ इतिहासाकडे वळतों.

झोपेविषयीं बोलतांना आपल्या मनांत पहिलें नांव येतें तें कुंभकर्णाचें. वाल्मीकीच्या रामायणांत त्याला जागें करण्याचा जो प्रसंग आहे, त्यांत एक मोठी मार्मिक गोष्ट आहे. त्याच्या गुहेंत शिरणारे राक्षस त्याच्या निःश्वासाच्या झोतानें मागें ढकलले जातात. अतिकाय देह, अमर्याद आहार, अनावर निद्रा आणि भयंकर श्वास, ह्या चार गोष्टी कवीनें एकाच व्यक्तीच्या ठायीं एकत्र आणल्या आहेत. कुंभकर्णाला अमुक रोग होता असें म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाहीं. परंतु ह्या चार गोष्टी एकत्र नांदतात, हें लोकांच्या नजरेस किती प्राचीन काळीं आलें होतें, याची साक्ष मात्र ह्या कथेंत मिळते.

कवीपेक्षांही नेमकी साक्ष वैद्यांची आहे. चरकसंहितेनें आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन आधारस्तंभ मानले, आणि निद्रेवर सुख-दुःख, पुष्टि-कृशता, फार काय, जीवित आणि मरणही अवलंबून आहे असें सांगितलें. सुश्रुतसंहितेंत अतिस्थूल मनुष्याचीं लक्षणें सांगतांना धाप, तहान, भूक, अतिनिद्रा, घाम यांच्या बरोबरीनें एक विलक्षण शब्द येतो: क्रथन. पुढें इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांतील माधवनिदानांतही मेदोरोगाच्या लक्षणांत हाच शब्द आहे. टीकाकारांनीं त्याचा अर्थ एकाएकीं श्वासोच्छ्वास अडणें असा दिला आहे. आधुनिक भाषांतरकार कधीं त्याचें भाषांतर घोरणें असेंही करतात. श्रोतेहो, हा एक शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे. स्थूलपणा, दिवसा येणारी झोंप आणि अडणारा श्वास, ही त्रयी आपल्या वैद्यांनीं एका ओळींत बसविली होती. तथापि तो श्वास कोठें अडतो आणि कां अडतो, ह्याचा शोध त्या ओळीच्या पुढें गेला नाहीं. शब्द राहिला आणि त्यामागचें निरीक्षण विस्मृतींत गेलें.

मराठी वाङ्मयांतही झोपेचें वर्णन नाहीं असें नाहीं. समर्थांच्या दासबोधांत अठराव्या दशकांत निद्रानिरूपण नांवाचा एक स्वतंत्र समासच आहे. परंतु संतांची दृष्टि आळस झाडण्याची. झोपाळू माणूस त्यांच्या लेखीं उपदेशाचा विषय होता, उपचाराचा नव्हता. आणि समाजानें उपदेश तेवढा उचलला. जो बसल्या जागीं पेंगतो तो आळशी, हा निकाल आपण अजूनही क्षणांत देऊन टाकतों.

आतां पश्चिमेकडे काय स्थिति होती तेंही पाहूं. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर हेराक्लिया नांवाचें एक ग्रीक नगरराज्य होतें. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत तेथें डायोनिसियस नांवाचा राजा राज्य करीत होता. चैनीनें तो इतका लठ्ठ झाला, कीं झोपेंत त्याचा श्वास कोंडूं लागला. त्याच्या वैद्यांनीं योजिलेला उपाय ऐकून अंगावर शहारे येतात. लांब, बारीक सुया करून घ्याव्या, आणि राजा गाढ झोपीं गेला म्हणजे त्या त्याच्या कुशींत टोंचाव्या. चरबींतून जाईपर्यंत त्याला कांहीं कळत नसे. सुई आंतल्या मांसाला लागली कीं तो दचकून जागा होई, आणि श्वास घेई. लोकांना भेटतांना तो आपल्यापुढें एक पेटी ठेवून देह झांकी व केवळ चेहरा दाखवी, असेंही लिहिलेलें आहे. उपाय रानटी खरा. परंतु त्यांतला विचार पाहा. श्वास अडला म्हणजे झोंप मोडली पाहिजे, नाहींतर मनुष्य दगावेल, हें त्या वैद्यांना कळलें होतें. टाकव्याची माझी मामी सुईवांचून हेंच काम करीत होती.

त्यानंतरचीं सुमारें दोन हजार वर्षें ह्या बाबतींत शांततेचीं गेलीं, आणि ती शांतता मोडली ती एका कादंबरीकारानें. चार्लस् डिकन्सनें इ. स. १८३६-३७ मध्यें क्रमशः प्रसिद्ध केलेल्या 'पिकविक पेपर्स' ह्या कादंबरींत जो नांवाचा एक लठ्ठ नोकर पोरगा आहे. तो सदान्‌कदां खातो किंवा झोपतो. निरोप घेऊन जातांना घोरतो, दार ठोठावून उभ्या उभ्या झोपतो. डिकन्सनें त्याला विनोदासाठीं आणलें, आणि सारे इंग्लंड त्याला हसलें. परंतु चित्र इतकें हुबेहूब होतें, कीं पुढें वैद्यकानें ह्या विकाराला नांव द्यायचें ठरवलें, तेव्हां तें त्या कादंबरीवरूनच घेतलें.

ह्याच एकोणिसाव्या शतकांत दोन वैद्यांनीं खरा प्रकार जवळ जवळ पकडला होता. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांतले डॉक्टर ब्रॉडबेंट यांनीं १८७७ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकांत लिहिलें, कीं उतारवयाचा माणूस उताणा झोपून मोठ्यानें घोरत असतां मधून मधून त्याचा श्वास घशांतल्या अडथळ्यावर मात करूं शकत नाहीं. दोन-तीन-चार श्वासांपुरती पूर्ण शांतता पसरते. त्या शांततेंतही छाती मात्र हालत असते, निष्फळ धडपड करीत असते. आणि शेवटीं मोठा घरघराट होऊन हवा आंत शिरते. ह्याहून अचूक वर्णन आजही कोणाला करतां येणार नाहीं. पुढें १८८९ सालीं डॉक्टर विल्यम हिल यांनीं शाळकरी मुलांविषयीं लिहिलें. जें मूल तोंडानें श्वास घेतें, रात्रीं घोरतें, अस्वस्थ झोपतें आणि वर्गांत मंद व डोकेदुखीनें बेजार दिसतें, तें मूर्ख नसून त्याचें नाक आणि घसा तपासावयास हवा, असा त्यांचा आग्रह होता. किती मुलांनीं ह्या एका अज्ञानापायीं छड्या खाल्ल्या असतील, ह्याचा हिशेब कोण देणार ?

येथें घटकाभर इतिहास थांबवून ही क्रिया नेमकी काय आहे तें समजून घेऊं. आणि त्यासाठीं आपणांस टाकव्याहून फार दूर जावयास नको. त्याच मावळांत लोणावळें येथें १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेंत यंत्रांनीं मोजून पाहाव्या, हा त्यांचा ध्यास. 'योगमीमांसा' हें त्यांचें त्रैमासिक त्याच वर्षीं निघूं लागलें. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांत बाहेरच्या हवेपेक्षां कमी दाब, म्हणजे एक प्रकारची पोकळी, उत्पन्न होते असें त्यांनीं दाबमापक लावून दाखविलें, आणि आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तिला माधवदास पोकळी असें नांव दिलें. मानवी देहांत असा उणा दाब उत्पन्न होतो आणि तो मोजतां येतो, ही गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशीं जाऊन भिडते.

कारण आपला प्रत्येक श्वास ह्या उण्या दाबावरच चालतो. छाती फुगते, आंत दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा ओढली जाते. नाक आणि श्वासनलिका ह्यांना हाडांचा व कूर्चांचा आधार आहे. मध्यें जो घसा आहे त्याला तसा आधार नाहीं. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचें मूळ आणि घशाच्या भिंती हे सारे मांसल भाग आहेत. आपण जागे असतों तोंवर स्नायु हा मार्ग ताणून उघडा ठेवतात. झोंप लागली कीं स्नायु सैल पडतात. मार्ग अरुंद झाला म्हणजे हवेच्या ओढीनें टाळू आणि पडजीभ थरथरूं लागतात, हेंच घोरणें. वाळा घातलेल्या खोलींत वारा शिरला म्हणजे पडदा जसा फडफडतो, तसें. आणि मार्ग मुळांतच चिंचोळा असेल, मानेभोंवतीं चरबी असेल, हनुवटी मागें सरलेली असेल किंवा टॉन्सिल वाढलेले असतील, तर तोच उणा दाब घशाच्या भिंती एकमेकींवर चिकटवून टाकतो. ओली कागदी नळी जोरानें ओढली तर ती जशी चपटी होते, तसा घसा मिटतो. छाती धडपडते, परंतु हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु घटतो, कर्बाम्लवायु सांचतो, मेंदूला धोक्याची सूचना मिळते, माणूस अर्धवट जागा होतो, घरघर करून श्वास घेतो, आणि पुन्हां झोपतो. सकाळीं त्याला ह्यांतलें कांहींही आठवत नाहीं. दहा सेकंद किंवा अधिक वेळ श्वास थांबणें, आणि असें रात्रभर तासातासाला कित्येकदां होणें, ह्याला आज निद्राश्वासरोध किंवा स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रभर शेंकडों वेळां जागें होणारा हा माणूस दिवसा पेंगला, तर त्यांत आळस कोठें आला ?

कैवल्यधामांत जाग्या माणसाचा श्वास मोजला जात होता, त्याच काळांत जर्मनींत हान्स बर्गर ह्या मानसवैद्यानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथम नोंदल्या व १९२९ सालीं प्रसिद्ध केल्या. झोपेचा अभ्यास करण्याचें साधन त्यामुळें हातीं आलें. परंतु झोपलेल्या माणसाचा श्वास आणि मेंदू एकाच वेळीं मोजून पाहण्याची बुद्धि व्हावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं.

मध्यंतरीं एक मोठी गमतीची, आणि तितकीच उद्बोधक गोष्ट घडली. १९५६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर बर्वेल व त्यांचे सहकारी यांनीं एका अतिस्थूल व्यापाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ पत्ते खेळतांना हातांत तीन एक्के आणि दोन राजे असतांनाही झोपीं गेला, आणि डाव घालवून बसला. मग मात्र त्याला वाटलें, कीं आतां डॉक्टरांकडे जावयास हवें. बर्वेल यांनीं त्याच्या रोगाला डिकन्सच्या कादंबरीवरून पिकविकी विकार असें नांव दिलें. वजन उतरल्यावर त्याची प्रकृति सुधारली. परंतु लठ्ठपणानें छाती दबते, श्वास उथळ होतो, कर्बाम्लवायु सांचतो आणि म्हणून झोंप येते, असें त्यांचें अनुमान होतें. दिवसाची झोंप त्यांनीं तपासली. रात्रीं त्या माणसाच्या उशाशीं कोणी बसलें नाहीं. त्याच्या पत्नीला जर त्यांनीं विचारलें असतें, तर कदाचित् वैद्यकाचीं नऊ वर्षें वांचलीं असतीं !

तो दिवस, किंबहुना ती रात्र, १९६५ सालीं उजाडली. फ्रान्समध्यें मार्सेय येथें गास्तो, तासिनारी व द्युराँ, आणि जर्मनींत फ्रायबुर्ग येथें युंग व कूलो, ह्या दोन मंडळ्यांनीं एकमेकांच्या मदतीवांचून एकाच वर्षीं अशा रोग्यांची रात्रभर नोंद घेतली. झोपेंत घसा मिटतो, श्वास बंद पडतो, आणि त्यानें मोडलेल्या झोपेची भरपाई म्हणून माणूस दिवसा पेंगतो, हें कागदावरच्या रेघांनीं सिद्ध झालें. इटलींत बोलोन्या येथें लुगारेसी आणि त्यांचे सहकारी यांनीं पुढें दाखविलें, कीं प्रत्येक श्वासरोधाबरोबर रक्ताचा दाबही उसळी घेतो. १९७६ सालीं अमेरिकेंतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठांत गियमिनो, टिल्कियन आणि डेमेंट यांनीं ह्या रोगसमूहाचें सविस्तर वर्णन करून त्याचें आजचें नांव रूढ केलें; आणि लठ्ठ नसलेल्या माणसालाही हा विकार होतो हें स्पष्ट झालें. सुश्रुताच्या क्रथनाला अशा रीतीनें दोन सहस्रकांनीं अर्थ मिळाला.

रोग कळला, पण उपाय ? १९६९ सालीं जर्मनींत कूलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं जो उपाय केला, तो तर्कशुद्ध पण कठोर होता. घसा मिटतो ना, मग घशाच्या खालीं श्वासनलिकेलाच छिद्र पाडावें आणि रोग्यानें तेथूनच श्वास घ्यावा. रोगी बरे होत. परंतु गळ्याला जन्मभर भोंक घेऊन हिंडणें कोणाला रुचणार?

अशाच एका रोग्याच्या नकारांतून पुढचा शोध निघाला. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें डॉक्टर कॉलिन सलिव्हन काम करीत होते. १९८० च्या जून महिन्यांत गळ्याला छिद्र पाडून घेण्यास तयार नसलेला एक रोगी त्यांच्याकडे होता. एका रात्रीपुरता कोणताही प्रयोग करून घेण्यास तो राजी झाला. सलिव्हन यांचा विचार विलक्षण साधा होता. उण्या दाबानें घसा मिटत असेल, तर बाहेरून थोडा अधिक दाब द्यावा, म्हणजे तो मिटणारच नाहीं. झाडलोटीच्या यंत्राची मोटर उलटी जोडून त्यांनीं वारा निर्माण केला आणि नाकावर बसविलेल्या मुखवट्यांतून तो रोग्याला दिला. दाब तरी केवढा ? पाण्याच्या पांच ते दहा सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा. तेवढ्या हलक्या झुळुकीनें घोरणें थांबलें, श्वास चालूं झाला, आणि रोगी अनेक वर्षांत प्रथमच सलग, शांत झोपला. १९८१ सालीं पांच रोग्यांवरील हा अनुभव 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. आज जगभर लक्षावधि लोकांच्या उशाशीं जें श्वासदाब यंत्र असतें, ज्याला डॉक्टर सीपॅप म्हणतात, त्याचा हा जन्म. हवेचा उणा दाब हें दुखणें, आणि हवेचा अधिक दाब हेंच औषध !

आतां आपल्या घराकडे वळूं. हा पश्चिमेकडील सुखवस्तु लोकांचा रोग आहे, आपला नव्हे, अशी समजूत कित्येक वर्षें होती. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत डॉक्टर झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती खोडून काढली. नेहमींच्या प्रकृतितपासणीसाठीं आलेल्या ३५ ते ६५ वर्षें वयाच्या ६५८ पुरुषांची त्यांनीं चौकशी केली आणि त्यांतल्या २५० जणांची घरीं झोपेंत नोंद घेतली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या संशोधनाचा निष्कर्ष असा, कीं अशा पुरुषांत सुमारें १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेंत बाधित होतो, आणि ७.५ टक्के लोकांत त्याच्या जोडीला दिवसाची अनावर झोंपही असते. म्हणजे मुंबईच्या लोकलच्या एका डब्यांत पेंगणारे जे मध्यमवयस्क गृहस्थ आपण पाहतों, ते सारेच कामानें दमलेले असतात असें नाहीं. स्त्रियाही ह्यांतून सुटलेल्या नाहींत. विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर त्यांच्यांत ह्याचें प्रमाण वाढतें. मात्र घोरण्याची लाज वाटत असल्यामुळें त्या डॉक्टरांना सांगत नाहींत, आणि त्यांच्यासाठीं रात्रीं जागून कान देणारा नवराही क्वचितच असतो.

ह्या विकाराचा धोका केवळ रोग्यापुरता नाहीं. माझ्या मामांच्या बैलांना घरची वाट ठाऊक होती. मोटारीला ती ठाऊक नसते. त्याच मावळांतून २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग जातो. पहाटेच्या वेळीं सरळ, सपाट रस्त्यावर ज्या चालकाचा डोळा क्षणभर लागतो, त्याच्या हातीं स्वतःबरोबर इतरांचेही प्राण असतात. उपचार न केलेल्या निद्राश्वासरोगी चालकाला अपघात होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो, हें अनेक देशांतल्या अभ्यासांनीं दाखविलें आहे. शिवाय ह्या विकाराची रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितपणा, मधुमेह आणि पक्षाघात यांच्याशीं सांगड आहे. २०२२ च्या फेब्रुवारींत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईंत निवर्तले, तेव्हां डॉक्टरांनीं ह्याच विकाराचा उल्लेख केला, आणि पुष्कळांनीं हें नांव प्रथमच ऐकलें.

तेव्हां करावें काय ? प्रत्येक घोरणारा रोगी नव्हे, हें आधीं सांगतों; पुष्कळांचें घोरणें निरुपद्रवी असतें. परंतु घोरतां घोरतां शांतता पसरून मग घरघराट होणें, गुदमरून जाग येणें, सकाळीं डोकें जड होणें, आणि दिवसा बसल्या जागीं झोंप लागणें, हीं चिन्हें असतील तर डॉक्टरांकडे जावें व रात्रीच्या झोपेची तपासणी करून घ्यावी. तासाला पांचांपेक्षां कमी अडथळे असले तर तें सामान्य. पांच ते पंधरा सौम्य. पंधरा ते तीस मध्यम. तिसांच्या वर तीव्र, असें गणित आहे. सौम्य विकारांत वजन उतरवणें, कुशीवर झोपणें, मद्य आणि वैद्याच्या सल्ल्याविना घेतलेल्या झोपेच्या गोळ्या वर्ज्य करणें, एवढ्यानेंही पुष्कळ फरक पडतो. खालचा जबडा पुढें धरून ठेवणारें दंतवैद्याचें साधन कांहींना उपयोगी पडतें. मुलांत टॉन्सिल व नाकामागील मांसवाढ काढली, कीं बहुधा मूल बदलूनच जातें. मध्यम व तीव्र विकारांत श्वासदाब यंत्र हाच अजूनही मुख्य आधार आहे. तें झोंप आणि दिवसाची हुशारी परत देतें ह्याबद्दल शंका नाहीं. हृदयविकार त्यानें टळतो असें मात्र २०१६ सालच्या एका मोठ्या चांचणींत दिसलें नाहीं, आणि तींतले रोगी यंत्र सरासरीनें रात्रीं तीन-साडेतीन तासच वापरीत होते. २०२४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत स्थूल रोग्यांसाठीं वजन उतरवणाऱ्या एका इंजेक्शनालाही ह्या विकारावर मान्यता मिळाली.

प्राणायाम आणि शंखाबद्दल आपण विचाराल. २०२५ सालीं जयपूरच्या डॉक्टरांनीं तीस रोग्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिने नेमानें शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोंप कमी झाली, आणि तासाला चार-पांच अडथळेही घटले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, हें त्याचें कारण असावें. प्रयोग लहान आहे. त्यावर विसंबून यंत्र माळ्यावर टाकूं नये. परंतु देवघरांतला शंख पुन्हां हातीं घेण्यास कोणाची हरकत असणार ?

श्रोतेहो, ह्या साऱ्या इतिहासाकडे मागें वळून पाहिलें, म्हणजे एक गोष्ट मनाला लागते. हा रोग कधींच लपलेला नव्हता. तो रोज रात्रीं, मोठ्यानें ओरडून आपलें अस्तित्व सांगत होता. ज्याला तो होता त्याला तो ऐकूं येत नव्हता. ज्यांना ऐकूं येत होता ते हसत होते. आणि ज्या वैद्यांनीं उपाय करावयाचा ते रात्रीं आपापल्या घरीं झोपलेले असत. ऐकणारें आणि भिणारें माणूस घरांत एकच होतें. तिला कोणीं विचारलें नाहीं.

माझे मामा ह्याच विकारानें गेले असें मी म्हणणार नाहीं. त्यांचा श्वास कोणीं मोजला नव्हता, आणि मोजणारें यंत्र त्या काळीं मावळांत असणें शक्यही नव्हतें. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं मी मामीला भेटावयास टाकव्यास गेलों, आणि झोपेंत श्वास अडण्याच्या रोगाला आतां नांव आहे, औषध आहे, असें तिला सांगितलें. ती पुष्कळ वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "म्हंजे मला भास होत नव्हता तर." इतकीं वर्षें लोकांनीं तिला उगाच काळजी करणारी म्हटलें होतें, आणि तिचा तो जागता कान हेंच त्या घरांतलें एकमेव निदान होतें.

म्हणून आज रात्रीं आपल्या घरांत कोणी घोरत असेल, तर हसण्यापूर्वीं पांच मिनिटें कान देऊन ऐका. आवाज अखंड चालला असेल, तर सुखानें झोपा. मध्येंच शांतता पसरली, तर त्या शांततेला विश्रांति समजूं नका; आणि सकाळीं थट्टा करण्याऐवजीं त्या माणसाला घेऊन डॉक्टरांच्या दारीं जा.